फोनमधला पुरावा घ्या, पण तो कसा घ्यायचा तेही ठरवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नवरा-बायकोच्या केसमध्ये चोरून केलेलं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं, असं सुप्रीम कोर्टाने 14 जुलै 2025 ला सांगितलं आणि तेव्हापासून आमच्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन येणारे लोक वाढले. माझं नागपुरात कोर्टाजवळ टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. घटस्फोट, खावटी म्हणजे पोटगी, मुलांचा ताबा, सगळ्या केसचे अर्ज, जवाब, एफिडेव्हिट आम्ही टाइप करतो, त्यामुळे कायद्याची डिग्री नसली तरी कलमं तोंडपाठ होतात आणि लोक काय घेऊन येतात, काय बोलतात ते रोज समोर असतं. या निकालावर जे काही वाचायला मिळालं त्यात मला दोनच सूर दिसले, एक म्हणतो आता प्रायव्हसी संपली, दुसरा म्हणतो बरं झालं, खरं बाहेर येईल. मला वाटते दोघंही अर्ध्या वाटेतच थांबले. पुरावा घ्यायचा की नाही हे आता ठरून गेलं. किती घ्यायचा, कोणी पाहायचा आणि केस संपल्यावर त्याचं काय करायचं, हे कोणी नीट ठरवून राहिलं नाही, आणि लोकांचे हाल तिथेच होऊन राहिले.

ती केस पंजाबातल्या बठिंड्याची होती. नवऱ्याने 2017 मध्ये घटस्फोटाचा अर्ज टाकला, बायकोसोबतचं बोलणं त्याने तिला न सांगता रेकॉर्ड करून ठेवलं होतं. फॅमिली कोर्टाने 2020 मध्ये ते दाखल करू दिलं, पंजाब-हरियाणा हायकोर्टाने नोव्हेंबर 2021 मध्ये तो आदेश रद्द केला कारण बायकोच्या प्रायव्हसीचा भंग होतो, आणि मग सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीश चंद्र शर्मा यांच्या बेंचने फॅमिली कोर्टाचंच बरोबर ठरवलं. जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं, म्हणजे पुराव्याच्या कायद्याचं, कलम 122 नवरा-बायकोतलं बोलणं कोर्टात उघड करू देत नाही हे खरं, पण त्याच कलमात लिहिलं आहे की केस त्या दोघांचीच आपसात असेल तर ही आडकाठी नाही. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात तेच कलम 128 झालं. दोघं एकमेकांवर पाळत ठेवायला लागले म्हणजे नातं आधीच तुटलेलं आहे, पाळत हे त्याचं लक्षण आहे, असंही कोर्टाने म्हटलं.

पण अटी आहेत आणि त्या नवीन नाहीत, सुप्रीम कोर्टाच्या 1972 च्या मलकानी केसपासून चालत आलेल्या आहेत. बोलण्याचा केसशी संबंध पाहिजे, आवाज कोणाचा ते ओळखता आलं पाहिजे आणि त्यात काटछाट झालेली नाही हे पटलं पाहिजे. लोकांनी बातमीचं हेडिंग वाचलं, अटी काही वाचल्या नाहीत.

मी या निकालाच्या बाजूने आहे हे आधी स्पष्ट सांगते. घराच्या चार भिंतींत जे होते त्याला साक्षीदार कोण असते? सासू साक्ष देणार नाही, दीर देणार नाही, शेजारच्या काकूंना आवाज रोज ऐकू येतो पण पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, यायचं म्हटलं की त्यांच्या घरात लगीन निघते. बाई कोर्टात सांगते की हा मला रात्री दोन वाजता शिव्या देतो, माहेरहून पैसे आण म्हणतो, तर समोरचा वकील एका वाक्यात म्हणतो, सब झूट है. तिच्याजवळ मोबाईलमधली तेवढी तीन मिनिटं असतात. तेही घ्यायचं नाही म्हटलं तर ती कुठे जाईल? आणि हे पुरुषांनाही लागू आहे, खोट्या आरोपात अडकलेल्या पोराच्या बापाला मी आमच्या बाकावर बसून रडताना पाहिलं आहे, त्यांच्याजवळही एक कॉल रेकॉर्डिंगच होतं. नऊ न्यायाधीशांच्या बेंचने 24 ऑगस्ट 2017 ला प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तो संविधानाच्या कलम 21 मध्ये बसतो, आणि निष्पक्ष सुनावणीचा हक्कही त्याच कलम 21 मध्ये बसतो. एकाच घरातले दोघं एकाच कलमाचे दोन हक्क घेऊन उभे राहतात. मग एकाचा पूर्ण काढून दुसऱ्याला पूर्ण द्यायचा असं कसं चालेल, दोघांनाही जमेल तेवढं वाचवावं लागेल नं.

आता प्रत्यक्षात काय होते ते सांगते. माणूस येतो, फोन काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "ताई, हे सगळं प्रिंट काढा." मी विचारते, "सगळं म्हणजे?" तर म्हणे, "वकील साहेब बोलले जे आहे ते सगळं आणा, त्यातलं काय लागते ते मी पाहतो." मग बायकोच्या व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट निघतात, एकावर एक गठ्ठा. त्यात तिच्या आईसोबतचं बोलणं, तिच्या ऑफिसचा ग्रुप, डॉक्टरला पाठवलेले रिपोर्ट, आणि एका मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेलं स्वतःच्या गर्भपाताचं दुःख. त्या मैत्रिणीचा या केसशी काय संबंध? तिला माहीतही नाही की तिचं नाव आणि तिचा नंबर एका फाइलमध्ये लागून राहिला आहे, त्याचे तीन-चार सेट निघून राहिले, एक कोर्टाला, एक समोरच्या वकिलाला, एक आपल्याला, आणि एखादा जास्तीचा राहू द्या म्हणून. नागपूर म्हणायला मोठं झालं पण तेवढं मोठं नाही, महाल भागातलं माणूस मानेवाड्यातल्या माणसाला कुठून ना कुठून ओळखतेच. ही बाजू निकालावरच्या चर्चेत मला कुठेच दिसली नाही. नवरा-बायकोच्या प्रायव्हसीवर सगळे बोलतात, पण त्यांच्या फोनमध्ये आणखी पन्नास लोकांचं आयुष्य असते आणि त्या पन्नास जणांना कोणी नोटीस काढत नाही.

इंटरनेटवाले लोक म्हणतील डेटा प्रोटेक्शनचा कायदा आला नं. 2023 चा तो कायदा मी वाचला, त्यात माणसाने स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कामासाठी वापरलेला डेटा बाहेरच ठेवला आहे, आणि कायदेशीर हक्कासाठी लागणाऱ्या वापरालाही मोठी सूट आहे. त्याच्या भरवशावर या मैत्रिणीला काही मिळेल असं मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट खरेपणाची. कागदावरचा स्क्रीनशॉट पाहिला की लोकांना वाटते पक्का पुरावा झाला. अहो, फोनमध्ये कोणताही नंबर कोणत्याही नावाने सेव्ह करता येतो. मी माझ्या भाच्याचा नंबर दुसऱ्या कोणाच्या नावाने सेव्ह केला, त्याला चार मेसेज पाठवायला लावले आणि स्क्रीनशॉट काढला तर कागदावर त्याच माणसाचं नाव दिसेल. व्हॉट्सॲपचं चॅट एक्स्पोर्ट केलं तर साधी टेक्स्ट फाइल निघते, ती नोटपॅडमध्ये उघडून वाक्यच्या वाक्य बदलता येते आणि कुठे खूण राहत नाही. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतो, दोघांसाठी डिलीट करता येतो, आपोआप गायब होणारे मेसेज आले. रेकॉर्डिंगचंही तसंच, वीस मिनिटांचं भांडण असते, त्यातले बायको चिडून ओरडली ते चाळीस सेकंद कापून आणतात, त्याआधी नवरा काय काय बोलला ते कुठे गेलं? आता तर आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे ॲप आले. म्हणून मूळ फोन आणि पूर्ण रेकॉर्डिंग पाहायला मिळणं हा समोरच्याचा हक्क आहे, त्याशिवाय उलटतपासणी कशाच्या जोरावर करायची.

यासाठी कायद्यात फोन-कॉम्प्युटरमधल्या पुराव्यासोबत जोडायचं सर्टिफिकेट आहे, आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम 65-बी होतं, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सुप्रीम कोर्टाने 14 जुलै 2020 ला सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टासमोर आणलं नसेल तर हे सर्टिफिकेट पाहिजेच. नवीन फॉर्मचे दोन भाग आहेत, भाग ए पार्टीने भरायचा आणि भाग बी एक्स्पर्टने. फोनची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर, इतकंच काय फोनचा रंगसुद्धा लिहायचा असतो, आणि हॅश व्हॅल्यू टाकायची असते. हॅश म्हणजे त्या फाइलवरून कॉम्प्युटरने काढलेला एक लांबलचक नंबर, फाइलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी नंबर पूर्ण बदलतो. ही फारच उपयोगाची गोष्ट आहे पण आमच्याकडे फॉर्म येतो तेव्हा बहुतेक वेळा हॅशची जागा कोरी असते आणि भाग बी कोणाकडून भरायचा हे कोणालाच माहीत नसते. कोणी म्हणते बर्डीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून सही घेऊन या. ज्या पोराला स्क्रीन बदलता येते त्याला फाइल तपासता येईलच असं थोडीच आहे, आणि त्याच्याकडे फोन दिला म्हणजे त्यातलं सगळं आणखी एका माणसाने पाहिलं. नागपुरात सरकारी फॉरेन्सिक लॅब आहे, पण ती पोलिसांच्या गुन्ह्यांच्या कामातच बुडालेली असते, खावटीच्या केसमधली बाई तिथे कशी पोहोचणार.

त्यात फॅमिली कोर्ट ॲक्ट, 1984 चं कलम 14 म्हणते की वाद सोडवायला मदत होत असेल तर कोर्ट कोणताही कागद, माहिती किंवा गोष्ट घेऊ शकते, मग ती पुराव्याच्या कायद्यात बसो की न बसो. हे कलम चांगल्या हेतूने केलं, साध्या माणसाला तांत्रिक कारणाने हाकलून देऊ नये म्हणून. पण त्याचा आधार घेऊन सर्टिफिकेट नाही, हॅश नाही, मूळ फोन नाही, तरी घ्या, असा युक्तिवाद होतो. घेऊ शकते याचा अर्थ डोळे मिटून घेतलंच पाहिजे असा होत नाही, हे कोणीतरी ठासून सांगायला पाहिजे.

फोन हातात आला कसा, यालाही किंमत पाहिजे. स्वतः ज्या कॉलवर बोलून राहिलो तो रेकॉर्ड करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं वेगळं. मध्य प्रदेश हायकोर्टासमोर जून 2025 मध्ये अशी केस आली होती की बायकोच्या फोनमध्ये ॲप टाकलं होतं आणि तिचे चॅट आपोआप नवऱ्याकडे यायचे, तिथे कोर्टाने फॅमिली कोर्ट ॲक्टच्या कलम 14 चा आधार घेऊन ते चॅट पुराव्यात येऊ दिले. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये मद्रास हायकोर्टाने नवऱ्याने परस्पर मिळवलेले बायकोचे कॉल रेकॉर्ड नाकारले होते आणि नवरा-बायकोतही प्रायव्हसी असते असं म्हटलं होतं. मला स्वतःला मद्रासचं जास्त पटते. कारण आपल्या घरांमध्ये फोन कोणाच्या हातात असतो ते पाहा. सिम नवऱ्याच्या नावावर, गुगलचं खातं त्यानेच उघडून दिलेलं, पासवर्ड त्याला माहीत, व्हॉट्सॲप दुसऱ्या मशीनवर जोडायला अर्धा मिनिट लागतो आणि तिला पत्ता नसतो. पाळत ठेवायची सोय दोघांना सारखी नाही, मग पाळतीतून आलेला पुरावा दोघांना सारखा कसा पडेल. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरणं हा आयटी ॲक्टखाली गुन्हा होऊ शकतो आणि कोणाचे उघडे फोटो त्याच्या मर्जीविरुद्ध काढणं किंवा पाठवणं याला त्याच ॲक्टच्या कलम 66-ई मध्ये 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून यातून सुटका होत नाही. आता लोक पोरा-पोरीला सल्ला देताना ऐकते, काहीही झालं की रेकॉर्ड करत राहा, पुढे कामात येते. ज्यांचं अजून जुळू शकते अशा घरात हा सल्ला गेला तर बोलणंच बंद होते. फॅमिली कोर्टाने आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा असं फॅमिली कोर्ट ॲक्टच्या कलम 9 मध्येच लिहिलं आहे, त्यासाठी काउन्सेलर असतात, आणि आता काउन्सेलरच्या खोलीतही खिशातला फोन चालू ठेवून बसतात. तिथे माणूस मोकळं बोललं नाही तर ती खोली कशाला ठेवायची.

कमाईच्या पुराव्यासाठी तर चोरी करायची गरजच नाही. खावटीच्या केसमध्ये नवऱ्याचे बँकेचे मेसेज, यूपीआयचे स्क्रीनशॉट चोरून काढतात, कारण तो पगार लपवतो. पण सुप्रीम कोर्टाच्या 4 नोव्हेंबर 2020 च्या निकालानंतर दोघांनाही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं एफिडेव्हिट द्यावं लागते, फॉर्म ठरलेला आहे, तो आम्ही रोज टाइप करतो. त्यात खोटं लिहिलं वाटलं तर बँकेचे स्टेटमेंट कोर्टातून मागवायचा अर्ज देता येतो. सरळ रस्ता आहे, त्या रस्त्याने जावं.

सगळ्यात वाईट वाटते ते लेकरांचं. ताब्याच्या केसमध्ये एक क्लिप ऐकली, पाच-सहा वर्षांचं पोरगं असेल, मोठं माणूस त्याला परत परत विचारते, "सांग नं बेटा, तिथे तुला मारतात नं? मोठ्याने सांग." पोरगं आधी म्हणते, नाही. मग गप्प. मग चॉकलेटच्या कागदाचा चुरचुर आवाज येतो आणि पोरगं म्हणते, हो. टाइप करताना मला त्या क्लिपचं जसंच्या तसं लेखी उतरवून द्यायचं होतं, आणि तो "नाही" काढून टाका असं मला सांगितलं गेलं. मी काढला नाही, काम परत दिलं. दोन्ही बाजू हे करतात, आईकडचे करतात आणि बापाकडचेही करतात. लेकराची इच्छा जाणून घ्यायची तर 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्टमध्ये सोय आहे, समजण्याच्या वयाचं असेल तर कोर्ट त्याची इच्छा विचारात घेऊ शकते, जज साहेब चेंबरमध्ये बोलावून प्रेमाने विचारतात, काउन्सेलर बोलतात. घरी शिकवून पढवून केलेली लेकरांची रेकॉर्डिंग कोर्टाने ऐकूच नये, असं माझं ठाम मत आहे, आणि ज्याने केली त्याच्या ताब्याच्या मागणीत ती गोष्ट त्याच्या विरोधात धरावी.

मग करायचं काय. फॅमिली कोर्ट ॲक्टच्या कलम 21 मध्ये हायकोर्टाला नियम करायचा अधिकार आहे. आपल्या मुंबई हायकोर्टाने, आणि नागपूर खंडपीठाने त्यात पुढाकार घेतला तर फारच चांगलं, फोनच्या पुराव्याचे साधे नियम करावेत. जो पुरावा आणतो त्याने आधी लेखी सांगावं की कोणत्या तारखेचं, कोणासोबतचं, किती मिनिटांचं आणि ते केसमधल्या कोणत्या मुद्द्यासाठी पाहिजे, नुसतं "फोनमधलं सगळं" चालू नये. मूळ फाइल हॅशसकट सीलबंद कोर्टात जमा व्हावी, जज साहेबांनी आधी स्वतः ऐकावी, आणि संबंध असेल तेवढाच भाग फाइलवर यावा. समोरच्याला मात्र पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायला मिळालं पाहिजे, कोर्टातच, कोणाच्या तरी देखरेखीत, कॉपी हातात न देता. ज्यांचा केसशी संबंध नाही त्यांची नावं आणि नंबर काळे करावेत. उघडे फोटो, व्हिडिओ यांचे प्रिंट कोणत्याही दुकानात निघूच नयेत. कोर्टाने फाइलची कॉपी देताना हा भाग वेगळा ठेवावा. अपील संपलं की जमा केलेलं परत द्यावं किंवा पुसून टाकावं आणि तसं लिहून ठेवावं. आणि भाग बी साठी कोर्टानेच ठरावीक फीमध्ये तपासणारे लोक नेमावेत, ज्याला फी परवडत नाही त्याची फी, गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणारं विधी सेवा प्राधिकरण असते, त्यातून भरली जावी. यातली कोणतीही गोष्ट पुरावा अडवत नाही हे लक्षात घ्या. उलट खरं रेकॉर्डिंग आणणाऱ्याचा पुरावा याने मजबूत होते, कारण समोरच्याला कापलं-जोडलं म्हणायला जागा राहत नाही.

दंडाचंही पाहायला पाहिजे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 मध्ये लिहिलं आहे की ही सुनावणी बंद खोलीत व्हावी आणि त्यातलं काही छापू, प्रसिद्ध करू नये. मोडलं तर दंड किती, तर एक हजार रुपयांपर्यंत. आज नातेवाइकांच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली की संध्याकाळपर्यंत ती इतवारीपासून वर्ध्यापर्यंत पोहोचते, आणि पोरीचं दुसरं लग्न जुळायचं असते तिथेही पोहोचते. एक हजार रुपयांना कोण घाबरते? हा आकडा बदलायचं काम संसदेचं आहे, आपल्या खासदारांनी हे तिथे मांडावं.

नियम व्हायला वेळ लागेल हे मला समजते. तोवर आज करता येईल असं एक काम आहे आणि ते फारच कमी लोक करतात. फॅमिली कोर्ट ॲक्टच्या कलम 11 प्रमाणे दोघांपैकी एकानेही मागितलं तर सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बंद खोलीत, घ्यावीच लागते, नाही म्हणायची सोय कोर्टाला नाही. फोनचा पुरावा येणार असं दिसलं की अर्जदार असो की गैरअर्जदार, पहिल्या पेशीलाच तो एक पानाचा अर्ज द्या आणि त्यातच मागणी करा की क्लिप आणि चॅट सीलबंद ठेवावेत. वकील मंडळींनीही पार्टीला गठ्ठा आणायला सांगण्याआधी कोणते मेसेज पाहिजेत ते तारखेनुसार लिहून द्यावं. आणि प्रिंट काढायला येताना फोनमधलं मूळ तसंच राहू द्या, त्यातलं काही डिलीट करू नका, पण कागदावर जे छापायचं त्यात मैत्रिणी, बहिणी, ऑफिसवाले यांची नावं आणि नंबर झाकूनच आणा, आम्ही तसंच छापून देतो.

आपली एक वाचक,
नागपूर